पहिले दहा सेकंद

तर झालं असं, की 2021च्या ऑगस्टमध्ये एका सकाळी मी नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसले आणि एकही फाइल उघडेना. फोटो, पत्रं, हिशोब... प्रत्येक नावापुढे चार परकी अक्षरं चिकटलेली. आधी वाटलं, आपल्याच हातून काहीतरी दाबलं गेलं. या वयात पहिली शंका स्वतःचीच येते!

मग प्रत्येक फोल्डरमध्ये एक इंग्रजी चिठ्ठी सापडली. तुमच्या फाइल्स आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्लीचे 980 डॉलर. 72 तासांत दिलेत तर निम्मे, म्हणजे 490. शिवाय खात्रीसाठी एक फाइल फुकट उघडून देऊ. कलिंगडवाला फोडून दाखवतो ना, तस्संच! 490 डॉलर म्हणजे तेव्हाचे सुमारे 36 हजार रुपये.

त्या कॉम्प्युटरमध्ये काय होतं हे घरच्यांना माहीत आहेच. इतरांसाठी सांगते. माझ्या सासूबाईंना लग्नातली आणि जात्यावरची कितीतरी गाणी पाठ होती. सगळी आमच्या वसईच्या सामवेदी बोलीत, जिला कादोडीही म्हणतात. मी सून म्हणून आले ती पुस्तकी मराठी घेऊन, त्यामुळे सुरुवातीला मला निम्मं कळायचंच नाही. निवृत्तीनंतर, 2011 साली, मी एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि दुपारच्या वेळी त्यांना गायला बसवू लागले. 64 गाणी झाली. 2014 मध्ये त्या गेल्या.

गाण्यांचे शब्द मी वह्यांत उतरवून घेतले होते. 2018च्या जुलैत वसईत पाणी भरलं ते आठवत असेल. आमच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं, आणि वह्या नेमक्या कपाटाच्या खालच्या खणात. पंख्याखाली पान न् पान वाळवलं, पण शाई पसरायची ती पसरलीच. तेव्हा मी ठरवलं, कागदाचा भरवसा नाही. दोन वर्षं बसून जमेल तेवढं टाइप केलं, आवाजाच्या फाइल्स शेजारी ठेवल्या आणि निश्चिंत झाले. पाण्याला भिऊन सगळं जिथे नेऊन ठेवलं, तिथेच हा चोर आला.

चोराला दार कोणी उघडलं? मीच. जुने फोटो नीट करायला एक महागडं सॉफ्टवेअर हवं होतं, ते कुठल्याशा साइटवर फुकट मिळत होतं. ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं तिथे लिहिलं होतं. मी केला! कॉपी करणाऱ्या मुलांना आयुष्यभर बाकावर उभं करणारी बाई चोरीचं सॉफ्टवेअर उतरवत होती. हे लिहायला आजही लाज वाटते.

नालासोपाऱ्यात माझ्या एका विद्यार्थ्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तो धावत आला. आल्याआल्या त्याने इंटरनेटची वायर काढली आणि विचारलं, “बाई, दुसरीकडे कॉपी आहे ना?” मी ऐटीत बाहेरची हार्डडिस्क दाखवली. ती कॉम्प्युटरलाच जोडलेली होती, महिनोन् महिने. तिच्यातही तीच चार अक्षरं. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. परीक्षेत कोरा कागद देणाऱ्या मुलाकडे मी असंच बघत असे.

हे म्हणाले, “देऊन टाकू पैसे. माझ्या आईचा आवाज आहे.” यावर काय बोलणार?

त्या रात्री भाच्याला फोन केला. तो न्हावा-शेव्याला कंटेनरच्या कामात आहे. त्याने 2017च्या जूनमधली गोष्ट सांगितली. नॉटपेट्या नावाचा असाच एक हल्ला युक्रेनमधल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधून जगभर पसरला आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीची यंत्रणा बंद पडली. जेएनपीटीतलं गेटवे टर्मिनल तिच्याच समूहाचं. कुठला माल कोणाचा हेच कळेना, काम अडलं. तिथेही पडद्यावर पैशांची मागणी होती, पण नंतर तज्ज्ञांनी शोधून काढलं की किल्ली अशी नव्हतीच. पैसे भरूनही काही मिळालं नसतं.

आणि मर्स्क सावरली कशी? त्यांच्या अख्ख्या जाळ्याची ओळख सांभाळणारे सर्व्हर सगळीकडे पुसले गेले होते. एकच वाचला, आफ्रिकेतल्या घानामधला. कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती! तिथली हार्डडिस्क माणसाच्या हाती विमानाने लंडनला पोचवली. मग दहा दिवसांत 4 हजार सर्व्हर आणि 45 हजार कॉम्प्युटर नव्याने उभे केले. आयुष्यभर लोडशेडिंगला शिव्या दिल्या, पण हे ऐकून गप्प बसले. जोडलेलं नव्हतं, म्हणून वाचलं.

आम्ही पैसे दिले नाहीत. 72 तास उलटून गेले. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

विद्यार्थी मात्र हटला नाही. ‘नो मोअर रॅन्सम’ नावाची एक साइट आहे. डच पोलीस, युरोपोल आणि सुरक्षेच्या दोन कंपन्यांनी ती 2016 मध्ये सुरू केली. काही कुलपांच्या किल्ल्या तिथे फुकट मिळतात. आमच्या कुलपाची नव्हती. पण त्याला एक गोष्ट कळली. या जातीचा चोर घाईत असतो, तो प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे 150 केबी भाग कुलूपबंद करतो. टाइप केलेल्या छोट्या फाइल्स त्यात पूर्ण गेल्या. पण गाण्यांच्या फाइल्स मोठ्या होत्या. एमपीथ्री म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांची माळ. पुढचे मणी गेले तरी बाकीचे वाजतात.

त्याने पहिली फाइल लावली. क्षणभर खरखर, आणि मग सासूबाईंचा आवाज, ओळीच्या अर्ध्यातून. हे उठून गॅलरीत गेले.

64च्या 64 गाणी परत मिळाली. प्रत्येकातले पहिले दहा सेकंद तेवढे नाहीत. त्या दहा सेकंदांत काय होतं सांगू? दर वेळी गाण्याआधी सासूबाई त्यांच्या बोलीत मला विचारायच्या, “चालू झालं का गं?” आणि घसा साफ करायच्या. मला त्याचा वैताग यायचा. कधीतरी तेवढं कापून गाणी स्वच्छ करायची असं माझ्या मनात होतं. ते चोराने केलं.

शब्द पुन्हा लिहून काढले, काही भिजक्या वह्यांवरून, काही आवाज ऐकून. अकरा गाणी मी पूर्वी नणंदेला ईमेलने पाठवली होती, ती जशीच्या तशी मिळाली. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडूनही तरली ती लोकांच्या मुखात होती म्हणून, असं मी वर्गात दर वर्षी शिकवत होते. स्वतः मात्र त्यातून काही घेतलं नाही.

आता तीन प्रती आहेत. एक कॉम्प्युटरवर. एक हार्डडिस्कवर, जी महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडते, काम झालं की काढून वरच्या कपाटात ठेवते. तिसरी नणंदेच्या घरी, नाशिकला. दर दिवाळीला त्यातली एखादी फाइल खरंच उघडते का ते बघते. फुकटचं काही उतरवत नाही.

कुलूपबंद फाइल्सही मी पुसलेल्या नाहीत. विद्यार्थी म्हणाला, “बाई, ठेवा. हे चोर कधी पकडले जातात, मग किल्ल्याही बाहेर येतात.” म्हणजे ते दहा सेकंद अजून आहेत, कुलपात.

असो. तुमच्याकडे आईचा, आजीचा आवाज असेल तर आज एक प्रत दुसऱ्या कोणाला तरी देऊन ठेवा. आणि सुरुवातीची खरखर कापू नका.