ग्रंथपालांच्या परिषदेस

वाईहून पहाटेच्या एस. टी.ने निघालो तेव्हा मजसमवेत आमच्या गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल होती. एके काळची माझीच विद्यार्थिनी. सेवानिवृत्तीनंतर त्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाचे चिटणीसपण माझ्या गळ्यात पडले, आणि गेली चार वर्षे ही मुलगी तुटपुंज्या मानधनावर त्याचे दार उघडीत आहे. नव्या मुंबईतील ग्रंथपालांच्या वार्षिक परिषदेस तिला न्यावे, विद्वानांची भाषणे ऐकून तिचे मन या कामात स्थिर व्हावे, असा माझा अंतस्थ हेतू होता. तो मी तिला सांगितला नव्हता, हे येथे कबूल केलेले बरे.

नवी मुंबई मी प्रथमच पाहिली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या भूमीवर हे नगर आधी कागदावर आणि मागाहून जमिनीवर उभे राहिले. वाशीस उतरून पत्ता विचारला तो सेक्टर अमुक, भूखंड तमुक असे नुसते आकडे कानी आले. मला ड्यूईच्या दशांश वर्गीकरणाचीच आठवण झाली. कोणा ग्रंथपालाने सबंध शहर क्रमांक घालून फडताळात लावले आहे जणू! परंतु थोडे पुढे जातो तो मूळचे वाशीगाव लागले. तेथील गल्ल्या मात्र आपल्या मर्जीने वळतात. वर्गीकरणात न बसणारा एखादा ग्रंथ कोणत्याही कपाटात असतोच.

परिषदेत पहिला प्रहर हारतुऱ्यांत गेला. त्यानंतर संगणक, बारकोड वगैरे विषयांवर जे निबंध वाचले गेले त्यांतले निम्मे मला समजले नाहीत. रंगनाथनांवरील व्याख्यान मात्र मनापासून ऐकले. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकविणारे हे गृहस्थ १९२४ साली तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि काही दिवसांतच त्या निवांतपणाला कंटाळून ‘मला परत शिकवावयास पाठवा’ म्हणू लागले! आधी लंडनला जाऊन या शास्त्राचा अभ्यास करून तर या, असे वरिष्ठांनी सुचविले. तिकडून आल्यावर परत जाण्याची भाषा त्यांनी काढली नाही. १९३१ साली त्यांची पाच सूत्रे प्रसिद्ध झाली. मी हळूच शेजारी पाहिले. हा दृष्टान्त मला हवा तसाच होता.

तोच ती उठून उभी राहिली. “पाच सूत्रांत ग्रंथ आहेत, वाचक आहेत, ग्रंथालयही आहे. ग्रंथपाल कोठे आहे? राज्याचा ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. गावोगावच्या आम्हां कर्मचाऱ्यांना वेतनश्रेणी अद्याप का नाही?” मागच्या रांगांतून, जेथे खेड्यांतील मंडळी बसली होती, टाळ्यांचा गजर झाला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि चहाची वेळ झाल्याचे जाहीर केले. चहा उत्तम होता.

परतीच्या गाडीत पनवेल मागे पडेपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “गुरुजी, साताऱ्यास एका दुकानात हिशेबाचे काम मिळाले आहे. एक तारखेपासून जावे लागेल. तुम्ही एवढ्या हौसेने आणलेत, म्हणून आधी सांगवेना.”

लपवाछपवी दोन्ही बाजूंनी होती तर! मी मानधनाचा आकडा मनात आठवला आणि तिला राहा म्हणण्यास माझी जीभ रेटेना.

“दाखल नोंदवही?” मी विचारले.

“दोनशे बारा पुस्तके चढवावयाची राहिली आहेत. रविवारी येऊन पुरी करीन. तोवर किल्ली माझ्याकडेच राहू द्या.”

मी बरे म्हटले. खंबाटकीचा घाट लागला तेव्हा तिला झोप लागली होती, आणि परिषदेत मिळालेली कागदांची पिशवी तिच्या मांडीवरून घसरत होती. ती मी उचलून माझ्याजवळ ठेवली.