वाजता दगड आणि मुकी मोटार

इंग्लंडांत ऑक्सफर्डच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर, थेम्स नदीच्या कांठीं, अबिंग्डन नांवाचें एक जुनें गांव आहे. आमची धाकटी कन्या व जांवई यांचें बिऱ्हाड तेथें असल्यामुळें २०२३ सालच्या उन्हाळ्यांत आमचें सहा आठवडे तेथें राहणें झालें. गांवांत पाहण्याजोगें पुष्कळ आहे. जुन्या मठाचे अवशेष आहेत, नदीवरील पूल आहे, सतराव्या शतकांतील काउंटी हॉलची भव्य इमारत आहे. राजघराण्यांतील मंगलप्रसंगीं या इमारतीच्या गच्चीवरून खालीं जमलेल्या लोकांवर गोड पाव फेंकण्याची चाल आहे, आणि त्या पावांचे वाळलेले नमुने आंतील संग्रहालयांत जपून ठेविले आहेत! परंतु गेल्या शतकांत या गांवाचें नांव जगभर झालें तें मठामुळें नव्हे कीं पावांमुळें नव्हे, तर मोटारींमुळें. ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेस या दुकानाचीं आद्याक्षरें मिरविणाऱ्या एम्. जी. गाड्या १९२९ पासून येथें तयार होत. १९८० च्या ऑक्टोबरांत तो कारखाना कायमचा बंद झाला.

आमच्या जांवईबापूंनीं अशीच एक एम्. जी. बी. गाडी, १९६५ सालची, हौसेनें बाळगली आहे. या जातीच्या गाड्या १९६२ ते १९८० या काळांत पांच लाखांवर निघाल्या. जागा दोघांपुरतीच; छप्पर कापडाचें, मागें दुमडतां येणारें; आणि बैठक जमिनीला इतकी लागून कीं आंत शिरतांना शाळेंत मुलांना घालावयास लावलेल्या सगळ्या उठाबशा आम्हांस व्याजासह परत कराव्या लागल्या. जांवईबापूंनीं हिवाळाभर तिची शुश्रूषा केली होती. स्टिअरिंगखालचा भाग उतरवून, पुढचा सांगाडा खरवडून, त्यास स्वतःच्या हातानें काळा रंग दिला होता. तो रंग कसा बसला आहे हें आम्हांस बॅटरीच्या उजेडांत दोनदां दाखविण्यांत आलें.

एका शनिवारीं जांवईबापू मुलाला पोहावयास घेऊन गेले, तेव्हां कन्या म्हणाली, “अण्णा, चला, तुम्हांला पांढरा घोडा दाखवून आणतें.” ही मुलगी स्वतः मोटार हांकते व दुरुस्तही करते. मॅट्रिकला तिनें संस्कृत सोडूं नये असा आम्हीं फार आग्रह धरला होता. तिनें विज्ञान घेतलें. असो.

अबिंग्डनहून वाँटेज दहा मैल. तेथील बाजारचौकांत आल्फ्रेड राजाचा पुतळा आहे. हा राजा नवव्या शतकांत याच गांवीं जन्मला असें मानतात; पुतळा मात्र १८७७ सालचा. वाँटेजहून पश्चिमेस जाणारा रस्ता खडूच्या टेकड्यांच्या पायथ्यापायथ्यानें जातो. डावीकडे गवतानें मढलेल्या मऊ टेकड्या, उजवीकडे दूरवर सपाट शेतें. पण हें सौंदर्य दिसतें तें मधूनमधूनच. कारण रस्त्यास फुटणाऱ्या गल्ल्यांच्या दोन्ही अंगांस पुरुषभर उंच कुंपणझाडी असते, आणि समोरून एक गाडी आली तर दुसरीनें कोठें जावें हा प्रश्न त्या झाडीनें सोडविलेला नसतो.

किंग्स्टन लाइल गांवाजवळ अशाच एका वळणावर कन्येनें हॉर्नचें बटण दाबलें. आवाज आला नाहीं. तिनें पुन्हां दाबलें, आणि त्याच क्षणीं समोरून गवताचे भारे लादलेला एक ट्रॅक्टर वळण भरून पुढें आला. गाडी करकचून थांबली. डावें अंग झाडींत घुसलें. ट्रॅक्टरचें चाक आमच्यापासून हातभर अंतरावर उभें राहिलें. ट्रॅक्टरवाल्या म्हाताऱ्यानें टोपी काढून आमचीच क्षमा मागितली. वास्तविक अपराध त्याचा नव्हता; आम्ही न बोलतां आलों होतों. कन्येचे हात स्टिअरिंगवर थरथरत होते. ती इतकेंच म्हणाली, “उद्यां हे मुलाला घेऊन याच रस्त्यानें येणार होते.”

कसेंबसें आम्ही टेकडीच्या पायथ्याशीं रुंद जागेवर आलों. तिनें गाडी बंद केली आणि सांगितलें कीं, हॉर्न वाजल्यावांचून ही गाडी आतां हलणार नाहीं.

वाचकांस नवल वाटेल कीं हिवाळ्यापासून बिघडलेला हॉर्न जूनपर्यंत कोणाच्या लक्षांत कसा आला नाहीं? आमच्या लक्ष्मी रस्त्यावर तो तीन मिनिटांत आला असता. महाराष्ट्र सरकारनें २०१५ मध्यें मालमोटारींच्या पाठीवर ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास बंदी केली, तरी आपल्याकडील माणसाचा अंगठा त्या बटणावरून उठलेला नाहीं. तिकडे उलट. तेथील नियमाप्रमाणें हॉर्न फक्त आपण येत आहोंत ही सूचना देण्यापुरता वाजवावयाचा. वस्तींत रात्रीं ११॥ ते सकाळीं ७ वाजवावयाचाच नाहीं. उभ्या गाडींत, संकट टाळण्याचें कारण नसेल तर, तोही नाहीं. लोक याहूनही एक पाऊल पुढें जाऊन तो शिवीसारखा मानतात. शिवाय ४० वर्षांवरच्या गाड्यांना, मोठे फेरफार केलेले नसल्यास, २०१८ पासून वार्षिक तपासणीची सक्ती उरलेली नाहीं. म्हणजे तें बटण दाबून पाहणारा परीक्षकही गेला.

कन्येनें पुढचें झांकण उघडलें व आम्हांस मांडणी समजावून दिली. या गाडींत वीज हॉर्नच्या दाराशीं सदैव उभी असते. ती जांभळ्या तारेनें फ्यूजमधून येते. हॉर्नमधून निघणारी दुसरी तार, जांभळी व काळी रेघ असलेली, स्टिअरिंगच्या मधल्या बटणाकडे जाते. बटण दाबलें कीं ती तार स्टिअरिंगच्या लोखंडी दांड्याला भिडते. आणि दांडा, त्याचा सांधा, चाकें वळविणारी दांत्यांची पेटी व शेवटीं सांगाडा अशा वाटेनें वीज बॅटरीकडे परत जाते. या परतीच्या वाटेस मोटारवाले ‘अर्थ’ म्हणतात. शब्द आहे पण अर्थ लागत नाहीं असे विद्यार्थी आम्हीं जन्मभर पाहिले. अर्थ लागत नाहीं म्हणून शब्दच फुटत नाहीं असा विद्यार्थी हा पहिलाच.

तिची रीत पाहून आम्हांस मोठें समाधान वाटलें. हॉर्न वाजत नाहीं म्हणून तिनें हॉर्न बदलावयाचें मनांतही आणलें नाहीं. प्रथम फ्यूज काढून त्याचीं टोंकें घांसलीं. परीक्षेचा लहान दिवा लावून पाहिला, वीज दोन्ही अंगांस होती. मग हॉर्नची दुसरी तार सोडवून त्या ठिकाणापासून एक सुटी तार सरळ सांगाड्याला टेंकविली. तत्क्षणीं हॉर्न असा कडाडला कीं शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले! म्हणजे हॉर्न निरोगी, जांभळी तार निरोगी, फ्यूज निरोगी. यालाच आमच्या शास्त्रांत अन्वय-व्यतिरेक म्हणतात, हें आम्हीं तिला सांगितलें. तिनें मान डोलावली व पेंचकस मागितला.

राहिलें बटण आणि त्यापुढची परतीची वाट. तिनें दिव्याची एक तार विजेला व दुसरी स्टिअरिंगच्या दांड्याला लावली. दिवा लख्ख लागला. “अर्थ ठीक आहे,” ती म्हणाली, “दोष बटणांतच.” बटण उपटून निघालें, त्याचे स्पर्शबिंदु कांचकागदानें घांसून झाले, आंतील तांब्याची कडी पुसून झाली. पुन्हां दाबलें तों केवळ ‘टिक्’. अर्धा तास गेला. आमचा तेथें उपयोग नाहीं हें ओळखून आम्ही जरा बाजूस गेलों.

ज्या टेकडीखालीं आम्ही थांबलों होतों तिचें नांवच ‘फुंकायच्या दगडाची टेकडी’ असें आहे, आणि तो दगड तेथेंच, रस्त्याला लागून एका घराच्या आवारांत उभा आहे. सुमारें कमरेइतका उंच, तांबूस-करड्या रंगाचा, आणि अंगभर भोंकें पडलेला. हीं भोंकें मनुष्यानें केलेलीं नाहींत. त्यांपैकीं एका भोंकास तोंड लावून नीट फुंकलें असतां शिंगासारखा घोष निघतो. इ. स. ८७१ मध्यें डेन लोकांशीं ॲशडाउनची लढाई झाली, तेव्हां आल्फ्रेडानें हाच दगड फुंकून सैन्य गोळा केलें अशी दंतकथा आहे. आणि येथून फुंकलेला नाद जो कोणी पांढऱ्या घोड्याच्या टेकडीवर ऐकवील तो इंग्लंडचा राजा होईल असेंही म्हणतात. इंग्रजी ‘हॉर्न’ व आपला ‘शृंग’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. त्या नात्यानें आम्हांसही फुंकण्याचा थोडा अधिकार होताच.

देवघरांतील शंखाचा सराव असल्यामुळें आम्हीं मोठ्या विश्वासानें तोंड लाविलें. फुस्स! पुन्हां जोर केला, पुन्हां फुस्स. दुसऱ्या भोंकावर तळहात धरून पाहिला तर आमचा श्वास तेथें चांगला लागत होता. वाट मोकळी होती, वारा जात होता, पण नाद नव्हता. कुत्र्याला फिरवावयास आलेली एक वृद्ध बाई थांबून हें पाहत होती. तिनें ओंठ ओले केले, कडेला घट्ट दाबून बसविले आणि एकदांच फुंकलें. गाईनें दूर रानांत हंबरडा फोडावा तसा खोल आवाज त्या दगडांतून निघाला. “तुमचा वारा कडेनें निसटतो,” ती म्हणाली; “थोडा आंत जातो, तेवढ्यानें दगड बोलत नाहीं.”

हें वाक्य घेऊन आम्ही गाडीकडे परतलों. तर्कसंग्रहांत अन्नंभट्टानें सदोष हेतूंचे प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिलाच सव्यभिचार: साध्य असतांही जो आढळतो आणि नसतांही आढळतो, तो हेतु कांहींच सिद्ध करीत नाहीं. आम्हीं कन्येस विचारलें, “अगं, दिवा लागतो म्हणून वाट नीट आहे असें तूं म्हणतेस, पण दिव्याची भूक आणि हॉर्नची भूक सारखी आहे का? वाट अर्धवट बुजलेली असली तरी दिवा लागेल कीं नाहीं?”

तिनें पेंचकस खालीं ठेविला. क्षणभर आमच्याकडे पाहिलें, आणि झांकणाच्या धुळीवर बोटानें आंकडे मांडले. दिवा दोन वॅटांचा; १२ व्होल्टांवर त्यास सुमारें एक-षष्ठांश अँपिअर पुरतो. हॉर्नला साडेतीन-चार अँपिअर लागतात. वाटेंत तीन ओहमांचा अडथळा असेल तर दिव्याच्या वेळीं अर्धा व्होल्टच सांडतो, दिवा लख्खच दिसतो. हॉर्नच्या वेळीं मात्र बारांपैकीं जवळजवळ निम्मे वाटेंतच खर्चीं पडतात, आणि उरलेल्यांत हॉर्नचा पडदा थरथरत नाहीं. एकदां टिक् करून बसतो. “अण्णा,” ती म्हणाली, “दिव्यानें मला फसविलें.”

मग फार वेळ लागला नाहीं. सुटी तार तिनें दांत्यांच्या पेटीपासून सांगाड्यापर्यंत धरली, व आम्हीं आंत वांकून बटण दाबलें. हॉर्न पूर्ण गळ्यानें वाजला. तार काढली, मुका. लावली, वाजला. पेटी ज्या बोल्टांनीं सांगाड्यास बसविली होती तेथें ती जाड, गुळगुळीत, चकचकीत काळ्या रंगाच्या थरावर विसावली होती. रंग विजेला जाऊं देत नाहीं. आम्ही दोघेंही त्या रंगाकडे पाहत राहिलों. “हें त्यांना तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “गाडी तुझ्या घरची,” आम्ही म्हणालों. तूर्त ती तारच दोन्ही टोंकांस पक्की आवळून टाकली.

पुढच्या पहिल्याच वळणावर तिनें हॉर्न दिला, आणि झाडीपलीकडून दुसऱ्या हॉर्नचें उत्तर आलें. आम्ही थांबलों. एक दुधाची गाडी सावकाश बाजूनें गेली.

पांढऱ्या घोड्याविषयीं थोडेंच लिहितों; जवळून तो घोडा दिसतच नाहीं. टेकडीच्या कुशींत चर खणून त्यांत खडू ठांसून भरलेली, सुमारें ११० मीटर लांबीची ही आकृति जवळजवळ तीन हजार वर्षांची आहे. पायाशीं उभें राहिलें तर कोठें एक पांढरा पट्टा, कोठें एक डोळा. गवत तिच्यावर सतत चढूं पाहतें, म्हणून पिढ्यान् पिढ्या लोक येऊन तें खुरपून काढतात व नवा खडू ठोकतात.

रात्रीं जेवतांना गोष्ट निघाली. आम्हीं रंगाच्या सफाईची स्तुति करून आरंभ केला, तेव्हांच जांवईबापूंनीं ओळखलें. ते कांहीं बोलले नाहींत. पण सकाळीं उठून पाहतों तों ते गाडीखालीं होते आणि कांचकागदाचा खरखर आवाज चालला होता. बोल्टांखालचा रंग रुपयाएवढा खरवडून, लोखंड उघडें करून, त्यांनीं पेटी पुन्हां आवळली, आमची तार काढून टाकली व अकराच्या सुमारास दोनदां हॉर्न वाजवून पाहिला. शेजारच्या घरांतून एक वृद्ध बाई धांवत बाहेर आली आणि कोणाला लागलें तर नाहीं ना, म्हणून तिनें विचारलें.