बांधावरचा शेप्या

‘बेणे’ हा शब्द वर्गात उच्चारला की मुले हसतात. त्यांना तो शिवीसारखाच ठाऊक असतो : इरसाल बेणे, बेरकी बेणे. लागवडीसाठी राखलेला कंद किंवा कांडे हा अर्थ सांगावा लागतो. आमच्या घरी मात्र हा शब्द हसण्याचा नाही. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावर आमचे शेत आहे. खरिपात बटाटा हेच तिथले मुख्य पीक. जूनमध्ये मंचरच्या बाजारात पंजाबातून बेणे येते आणि त्याचा भाव ऐकून वडिलांची झोप उडते.

घरचेच बटाटे का लावू नयेत, असे मी लहानपणी विचारत असे. बटाटा बियांपासून नव्हे, कंदापासून वाढतो. म्हणजे तेच एक झाड वर्षानुवर्षे पुन्हा उगवत राहते. मावा त्यात विषाणू सोडतो, ते कंदातून पुढच्या पिकात उतरतात आणि दोन-तीन हंगामांत उतारा घसरतो. थंड मुलखात, मावा कमी असतानाच्या दिवसांत वाढवलेले बेणे म्हणून बाहेरून आणावे लागते. ‘‘आपलं बेणं आपल्या रानात टिकत नाही,’’ वडील सांगत. मी पुण्यात नोकरीला लागल्यानंतरही ते हे वाक्य म्हणत. तेव्हा माझ्याकडे पाहत नसत.

शेताच्या बांधावर सीताफळे, दोन पेरू आणि आजोबांनी कोय पुरून वाढवलेला एक रायवळ आंबा होता. फळाला बडीशेपेचा वास, म्हणून त्याचे नाव शेप्या. वाटणीत बांध वडील आणि तात्यांच्या मधोमध आला; आंबे निम्मे-निम्मे. २०२३ च्या जूनमध्ये तात्यांनी झाड काढायचा विषय काढला. सावलीत वेल नुसताच उंच वाढतो, खाली बटाटे गोटीएवढे राहतात; दोन गुंठे वाया जातात. हिशेब चोख होता. तात्यांचे बेण्याचे कर्ज मला माहीत होते.

तरी मी वाद घातला. त्याच आठवड्यात एम.ए.च्या वर्गावर देशीयता शिकवून आलो होतो, त्याची धुंदी असावी. म्हणालो, ‘‘तात्या, आंबा इथल्या मातीतला आहे. बटाटा पोर्तुगीजांबरोबर आलेला, नावसुद्धा त्यांचेच. परक्यासाठी घरचा तोडायचा?’’

‘‘मास्तर, आज उपास आहे ना? आधी खाऊन घ्या,’’ तात्या म्हणाले.

त्या दिवशी आषाढी होती. आईने ताट वाढले : साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी, तोंडी लावायला मिरचीचा ठेचा. साबुदाण्याचा कंद, बटाटा, शेंगदाणा, मिरची : चौघांचेही मूळ दक्षिण किंवा मध्य अमेरिकेत. नंतर केळ्याबरोबर बांधावरची पपई आली, तीही तिकडचीच. सीतेचे नाव मिरवणारे फळही त्याच खंडातले. विठ्ठलाला चालणारे हे ताट, आणि इथलाच जुना तांदूळ त्या दिवशी निषिद्ध! मी मुकाट्याने जेवलो. वर्गात देशी-परकी अशा जोड्या मी किती सहज लावत आलो होतो, याची तेव्हा लाज वाटली.

पण शेप्या मला हवाच होता, आणि त्याचे कारण देशीयता नव्हते, हेही तेव्हाच कळले. रायवळाची कोय लावली तर तोच आंबा येईल याची खात्री नसते. प्रत्येक कोय वेगळी निघते. हे झाड गेले की तो वास गेला. दोन आठवड्यांनी नर्सरीतल्या माळ्याला घेऊन आलो. उगवलेल्या कोयांवर शेप्याच्या काड्या बांधून त्याने पाच कलमे केली. वडील शेजारी बसून सुतळी धरत होते. तीन वाळली, दोन जगली. एक वडिलांनी विहिरीजवळ लावले, दुसरे माझ्या गॅलरीत कुंडीत आहे.

दिवाळीनंतर झाड पडले. मी गेलो नाही. २०२४ च्या खरिपात त्या दोन गुंठ्यांत बटाटा चांगला पोसला आणि तात्यांनी न मागता एक पोते पुण्याला पाठवले. बटाटे उत्तम होते. कीस आम्ही पुढच्या एकादशीलाही केला.

कलमाला अजून मोहोर नाही. अधूनमधून एखादे पान चुरगाळून मी वास घेतो आणि बडीशेप येते असे पत्नीला सांगतो. ती म्हणते, आंब्याच्या कुठल्याही पानाला असाच वास येतो.