पाच वाजताची भूक

पिंपरी पेंढारला शाळा सुटली की पोरं दप्तर ओसरीवर टाकून थेट स्वयंपाकघरात शिरतात. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं धरलेली आहेत. त्या जेवणाचा मोठा आधार आहे, पण दुपारची खिचडी रात्रीच्या भाकरीपर्यंत कशी पुरणार? नेमकी हीच वेळ टपरीवरचं चकचकीत पाकीट साधतं. कांदाकाढणीच्या गडबडीत आई पाच रुपये हातावर ठेवते. तिला मी कसा बोल लावू? रानातून आल्या आल्या चूल पेटवायला अंगात त्राण तरी हवं ना! म्हणून डब्यात आधीच काहीतरी करून ठेवलेलं असावं.

शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजायचे, सालं पाखडायची, जाडसर कुटायचे आणि कूट कोमट असतानाच चिरलेला गूळ कालवून लाडू वळायचे. दाण्यांनाच तेल सुटतं, वेगळं तूप लागत नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण २५ ग्रॅम प्रथिनं! लहानग्यांच्या हाती अख्खे दाणे मात्र मुळीच देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. गूळही शेवटी साखरच, तेव्हा एक लाडू पुरे. वर वाटीभर शिजवलेली मोडाची मटकी, कांदा-टोमॅटो आणि लिंबू. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात नाचणी पिकते, तीत भरपूर कॅल्शियम असतं. ती मिळाली की मी पीठ भाजून ठेवते. ताकातली आंबील पोरं वाटी चाटूनपुसून संपवतात.