मापातला संसार

बचतीचा विषय निघाला की आपण बायका दोनच गोष्टी बोलतो. एक, महागाई किती वाढली. आणि दुसरी, घरात पैसा टिकतच नाही. दोन्ही खऱ्याच आहेत. पण श्रावकाच्या बारा व्रतांत याचा एक साधा उपाय सांगून ठेवला आहे : भोगोपभोग परिमाण. एकदा वापरलं की संपतं तो भोग, म्हणजे अन्न, तेल, गॅस. पुन्हापुन्हा वापरता येतो तो उपभोग, म्हणजे साडी, भांडी, पंखा, दिवा. दोन्हींचं माप आधी ठरवायचं, मग खर्च करायचा. माझ्या हिशेबाच्या वहीत दर महिन्याला याच नावांची दोन पानं असतात.

भोगाच्या पानावर आपलं काम निम्मं झालेलंच असतं. दिवस मावळायच्या आत सगळे एकत्र जेवतात, त्यामुळे उशिरा येणाऱ्यासाठी भाजी परत परत गरम करावी लागत नाही. कांद्याचा भाव वाढला की शेजारीण हळहळते, आमच्याकडे ती बातमीच नसते! डाळ अर्धा तास भिजवून कुकरला लावली की गॅस कमी लागतो. संत्र्याच्या हंगामात मोठं, चकचकीत फळ व्यापाऱ्याकडं जातं. सौंसर-पांढुर्ण्याच्या बाजारात लहान फळ स्वस्त मिळतं. गोडीला काही कमी नसतं. साली वाळवल्या की उटण्याला होतात.

उपभोगाच्या पानावर थोडं गणित करावं लागतं. साठ वॅटचा जुना बल्ब रोज ५ तास जळला तर महिन्याला ९ युनिटं होतात. ९ वॅटच्या एलईडीला दीड युनिटही लागत नाही. करमणुकीचंही तसंच. नागपूरला सिनेमाला गेलं की तिकिटापेक्षा मध्यंतरातला खाऊच महाग पडतो. घरी मुलांना मोबाईलवर तीन-तीन ॲपं हवी असतात. आमचा नियम आहे, एका महिन्यात एकच. दुसरं हवं तर पहिलं बंद. उरलेल्यातून वर्षाला एकदा डबा बांधून मुक्तागिरीला जातो. ५२ मंदिरं चढून-उतरून आलं की मुलांना कुठलं ॲप आठवत नाही.

पण बायांनो, माप कुठं लावायचं नाही तेही ठरवून ठेवा. गोटमारीच्या दिवशी पांढुर्ण्यात पाहुणे आले की त्यांच्या ताटात काटछाट नको. भांडेवालीच्या पगारात नको. आणि स्वतःच्या दुधात, औषधात तर मुळीच नको. आपली बचत नेमकी तिथूनच सुरू होते, म्हणून सांगते.

आणि वाचलेला पैसा जातो कुठं, हेही बघा. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी झाली तेव्हा घराघरांतल्या डब्यांतून नोटा निघाल्या. आमच्या सासूबाईंच्या तुरीच्या डाळीच्या डब्यातून पाचशेच्या २८ नोटा निघाल्या, १४ हजार रुपये. घरातले हसले, ‘एवढे लपवले होते?’ किती वर्षं त्यांनी नवी साडी टाळली, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्या नावाचं खातं नव्हतं, म्हणून पैसे मामंजींच्या खात्यात भरले आणि मग दुकानाच्या मालात गेले. सासूबाई एकच वाक्य बोलल्या, ‘पैसे जमा झाले व, पण माझे नाही राहिले.’

त्या वाक्यानं घर गप्प झालं. पुढच्या वर्षी त्यांच्या नावानं पोस्टात आवर्ती ठेव उघडली. महिन्याला १०० रुपयांपासून ती सुरू करता येते, मुदत पाच वर्षांची. पासबुक त्या स्वतःच्या पेटीत ठेवायच्या आणि सही करायला स्वतः जायच्या, गुडघे दुखत असले तरी.

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसरही त्यात आलं. जिल्ह्याची कचेरी दाराशी आली, तरी ‘कागदाचं काम पुरुषांचं’ म्हणणाऱ्या बाया अजून भेटतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे : काटकसर तुम्ही केली, तर पासबुकावर नावही तुमचंच असू द्या. डाळीच्या डब्यात डाळच ठेवा.