अक्षाचें आयुष्य

चरकसंहितेच्या विमानस्थानांत, तिसऱ्या अध्यायांत, अग्निवेशाच्या पृच्छेवरून अकालमृत्यूचा विचार आला आहे. मनुष्यास अकाळीं मरण येतें तें कसें, हें समजावतांना आत्रेय मुनि गाडीच्या आंसाचा दृष्टांत देतात. उत्तम गुणांचा आंस नीट वापरला असतां आपल्या काळीं झिजून संपतो. परंतु तोच आंस अतिभारानें, खांचखळग्यांच्या वाटेनें, चाक मोडल्यानें, हांकणाऱ्याच्या दोषानें, खीळ निसटल्यानें किंवा वंगण न मिळाल्यानें मध्येंच मोडतो. सूत्रस्थानांत अभ्यंगाची महती सांगतांनाहि हा आंस पुनः भेटतो. दिवाळीच्या पहांटे आपण अंगास तेल लावितों, त्याच्या समर्थनार्थ शास्त्रकारानें वंगण दिलेला आंस साक्षीस बोलवावा, याचें मला नेहमीं कौतुक वाटत आलें आहे.

हें सारें मनांत घोळण्यास निमित्त झाली आमच्या घरची जुनी पिकअप. रत्नागिरीकडील आमच्या बागेचा आंबा ती आंबा घाट चढून कोल्हापुरास नेते आणि परतीस गूळ व किराणा भरून तोच घाट उतरते. यंदा माघांत तिच्या मागच्या उजव्या चाकाच्या आंतल्या बाजूस तेलाचा ओघळ दिसूं लागला. धाकटे बंधु म्हणाले, "अण्णा, हंगाम तोंडावर आला आहे. आतां गाडी उभी करणें परवडावयाचें नाहीं. मृग लागल्यावर पाहूं." दोन दिवस ओटीवर हाच वाद चालला. पेट्या आमच्या, नफा आमचा, आणि घाटाची उतरण मात्र पगारी चालकाची, हा हिशेब मला न्याय्य वाटेना. बागेचें सारें पाहणारा पुतण्या माझ्या बाजूचा झाला आणि गाडी मिस्त्रीकडे गेली. मीहि बरोबर गेलों व समक्ष बसून सर्व पाहिलें.

बैलगाडीचा आंस स्थिर असतो, चाकें त्याच्यावर फिरतात. त्यामुळें वळणावर एक चाक अधिक व एक कमी फिरलें तरी कोणाचें अडत नाहीं. मोटारीचा मागला आंस स्वतः फिरून चाकांस फिरवितो. तो अखंड असता तर प्रत्येक वळणावर बाहेरचें चाक फरफटलें असतें. म्हणून तो मध्यें दुभागलेला असून दोन दांड्यांच्या मध्यें दांतेरी चक्रांचा जुडगा बसविलेला असतो. यासच डिफरन्शिअल म्हणतात. हा सर्व संसार एका पोलादी कवचांत, तेलांत चालतो. येथील दांते प्रचंड दाबाखालीं एकमेकांवरून घसरतहि जातात. म्हणून इंजिनाचें तेल येथें उपयोगी नाहीं. आमच्या गाडीस डब्यावर ‘जीएल-५’ अशी खूण असलेलें गिअरचें तेल लागतें.

मिस्त्रीनें पुढच्या चाकांस दगड लाविले, मागची बाजू उचलून भक्कम घोड्यांवर टेकविली आणि मगच हातब्रेक सोडला. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तो जात नाहीं. तेल काढण्याचें बूच खालीं असतें व भरण्याचें वर. त्यानें पाना प्रथम वरच्याला लाविला. कारण विचारतां म्हणाला, "मास्तर, खालचं सोडलं आणि वरचं अडून बसलं, म्हणजे जुनं तेल गेलं आणि नवं भरायला वाट नाही." हें वाक्य मला फार आवडलें. पाणिनीनेंहि समासांतल्या ‘धुर्’ शब्दास नियम घालतांना आंसाची धुरा तेवढी वगळली आहे, हें त्यास सांगण्याचा मोह मात्र मीं आवरला.

तेल काळें होतें, पण दुधाळ नव्हतें. म्हणजे आंत पाणी शिरलें नव्हतें. बुचाच्या लोहचुंबकावर, सहाणेवर उगाळलेल्या गंधासारखा, राखी लेप होता. त्यांत कण किंवा तुकडे असते तर दांते तुटूं लागले असें समजावयाचें. मग तेल गळलें कां? कवचाच्या माथ्यावर एक लहानसें छिद्र असून त्यावर टोपी असते. गाडी धांवतांना आंतील हवा तापून फुगते, ती तेथून बाहेर पडते. आमच्या गाडीचें तें छिद्र लाल मातीनें पक्कें बुजलें होतें. कोंडलेल्या हवेनें तेल टोंकाच्या सीलमधून बाहेर रेटलें होतें. उलट, तापलेला आंस ओढ्याच्या पाण्यांत उतरला असतां हवा आकसून तेंच सील पाणी आंत ओढूं शकतें. काडीनें निघाली असती एवढी ती माती!

ड्रम काढला तेव्हां खरा प्रकार कळला. ब्रेकच्या लायनर तेलानें थबथबल्या होत्या. "काका, पेट्रोलनें धुवून चालतील का?" पुतण्यानें विचारलें. मिस्त्रीनें मान हलविली. तेल आंत मुरतें आणि घाटांत ब्रेक तापला कीं पुनः वर येतें. डाव्या बाजूच्या लायनर कोरड्या होत्या, तरी त्याहि बदलल्या. दोन चाकांची पकड सारखी नसेल तर ब्रेक दाबतांच गाडी एका अंगास ओढली जाते. उजवें बेअरिंग हातानें फिरवितांना खरखरत होतें, तेंहि नवें घातलें. घरोघर दसऱ्यास गाडीच्या नाकावर झेंडूची माळ चढते, लिंबू-मिरची टांगली जाते. वांकून खालीं मात्र कोणी पाहत नाहीं.

निघतांना मिस्त्रीनें आणखी एक गोष्ट दाखविली. पूर्वींच्या मालकानें जास्त माल नेण्याकरितां कमानींत एकेक पाटा वाढविला होता. पाटा वाढल्यानें गाडी बसत नाहीं, एवढेंच. आंसाचें बळ त्यानें तिळमात्र वाढत नाहीं. चरकांच्या यादींत अतिभार पहिला आहे, हें मीं घरीं सांगितलें. बंधूंनीं बिल दिलें, पण पेट्या कमी नेल्यास खेपा वाढतील व डिझेल किती जळेल, याचा हिशेब त्यांनीं पाठकोऱ्या कागदावर मांडला, आणि तो चुकीचा नव्हता.

पहिल्या खेपेच्या दिवशीं चालकानें स्वतः पेट्या मोजल्या आणि बारा खालीं उतरवून ठेविल्या. बंधु ओटीवरच उभे होते. ते कांहीं बोलले नाहींत.