समुद्रकांठचें वाळवंट

कोंकणांतील एका शाळेंत तीस वर्षें मीं संस्कृत शिकविलें. शिक्षक कमी पडत तेव्हां भूगोलाचा तासही माझ्याकडे येई. समुद्राची वाफ होते, तिचे ढग बनतात आणि किनाऱ्यावर पाऊस पडतो, असें मी मुलांस सांगत असें. एकदां एका विद्यार्थ्यानें नकाशावर बोट ठेवून विचारलें, "गुरुजी, मग येथें समुद्राला लागून वाळवंट कसें?" मला उत्तर येत नव्हतें. 'फाजील प्रश्न' म्हणून मीं त्यास खालीं बसविलें.

तें वाळवंट गेल्या वर्षीं डोळ्यांनीं पाहिलें. आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त नैर्ऋत्य आफ्रिकेंतील नामिबिया देशांत असतात. त्यांच्या मोटारींतून आम्ही स्वाकोपमुंडहून उत्तरेस निघालों. डावीकडे अटलांटिक महासागर, उजवीकडे क्षितिजापर्यंत खडी आणि वाळू. झाड म्हणून दृष्टीस पडत नाहीं. हेन्टीज बे गांव मागें टाकल्यावर सडकही निराळी लागली. ती मिठाची! जिप्समयुक्त मातीवर खारें पाणी शिंपून दाबलेली. कोरडी असतां डांबरासारखी घट्ट, भिजली कीं निसरडी.

धुक्यानें आम्हांस गांठलेंच. चिरंजीवांनीं गाडी कडेला घेतली व म्हणाले, "बाबा, आतां ऊन पडेपर्यंत हलावयाचें नाहीं." पाण्याचे दोन डबे जवळ होते म्हणून धीर, एरव्ही आसपास मनुष्याचा मागमूस नव्हता. याच किनाऱ्यावर, पुष्कळ उत्तरेस, १९४२ च्या नोव्हेंबरांत 'डनीडिन स्टार' हें ब्रिटिश जहाज रुतलें. उतारूंच्या सुटकेस गेलेली एक नौका व एक विमान, दोन्ही तेथेंच नष्ट झालीं.

बसल्या बसल्या मीं तो जुना प्रश्न काढला, आणि उत्तर मुलाकडून ऐकलें. रत्नागिरीस वर्षाकांठीं शंभर इंचांहून अधिक पाऊस. येथें इंचभरही नाहीं. दक्षिणेकडून बेंग्वेला नांवाचा थंड प्रवाह येतो. त्याच्यावरची हवा गार होऊन तळाशीं राहते, आणि वरची उष्ण हवा तिच्यावर झांकणासारखी बसते. हवा वर चढल्याखेरीज पाऊस कोठला? धुकें मात्र होतें. समुद्राच्याच विनंतीवरून सुटलेल्या रामबाणानें द्रुमकुल्याचें मरुकांतार झाल्याची कथा युद्धकांडांत आहे. संस्कृताच्या शिक्षकास समुद्र आणि मरु यांचें नातें इतकें अद्भुत वाटावयास नको होतें!

पाय मोकळे करावयास उतरलों, तों चिरंजीव ओरडले, "जपून, त्यावर पाय देऊं नका!" खालीं पाहतों तों नारिंगी दगडफुलें! घरीं गोड्या मसाल्यांत पडतें त्याचेच हे भाऊबंद. उन्हानें कुरकुरीत होतात, धुकें लागतांच मऊ पडून पुन्हां जगूं लागतात. त्यांवरून गेलेल्या चाकांचे वळ मात्र अनेक दशकें बुजत नाहींत.

तासाभरानें ऊन आलें. पुढें केप क्रॉसला हजारों सील पाहिले. त्यांच्या दुर्गंधीपलीकडे कांहीं लिहवत नाहीं.

परत आल्यावर शाळेच्या जुन्या नोंदवहींत त्या विद्यार्थ्याचें नांव शोधलें. गांवचा पत्ता मिळाला. तेथें पत्र टाकलें आहे.